एका स्मारकाचा इतिहास : परळच्या टाटा रुग्णालयातील बालरुग्णसेवा

दुर्धर व्याधीने ग्रासलेल्या बालकांसाठी ज्यांनी आपली विद्या, आपले द्रव्य किंवा आपले निव्वळ श्रम वेचले, अशा स्त्रीपुरुषांच्या सन्मानार्थ भरणाऱ्या स्मृतिसमारंभाच्या निमित्ताने ही स्मरणिका प्रसिद्ध होत आहे. आणि तीत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा, विशेषतः त्या रुग्णालयाच्या आश्रयाने वाढलेल्या बालरुग्णसेवेचा, इतिहास लिहिण्याची कामगिरी संपादक मंडळाने मजकडे सोपविली आहे. संस्थेचा इतिहास दप्तरात असतो, कोनशिलांवर असतो, विश्वस्तांच्या ठरावांत आणि सालोसालच्या जमाखर्चात असतो, हे खरेच. परंतु आजारी मुलांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. कर्करोगातून बरे होऊन घरी परतलेल्या मुलाची हकिकत जो कोणी मुळापासून विचारील, त्याच्या लवकरच ध्यानात येईल की, तिचा निम्मा भाग रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, पदपथावर, धर्मशाळेच्या ओसरीवर आणि आगगाडीच्या तिसऱ्या प्रहरी पोचणाऱ्या डब्यात घडलेला आहे. तो भाग दप्तरी दाखल झालेला नसला, तरी त्यावाचून इतिहास पुरा होत नाही, अशी माझी धारणा आहे, आणि पुढील लेखन त्याच धारणेने केलेले आहे.

या संस्थेच्या मुळाशी एका स्त्रीचा मृत्यू आहे. मेहेरबाई या भाभा कुळातल्या. त्यांचे वडील होर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. 1879 साली जन्मलेल्या मेहेरबाईंचा विवाह 1898 साली जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ चिरंजीव दोराबजी यांच्याशी झाला. साडी नेसून टेनिसच्या मैदानात उतरणारी, बालविवाहाच्या प्रतिबंधासाठी जाहीर व्यासपीठावरून बोलणारी, भारतीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या स्थापनेत पुढाकार घेणारी ही स्त्री आपल्या काळाच्या बरीच पुढे होती. पतीने त्यांना दिलेला 'ज्युबिली' नावाचा हिरा 245 कॅरटांचा, म्हणजे आजच्या कोहिनुराच्या दुपटीहून मोठा होता. आणि 1924 साली जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना कामगारांचे पगार थकण्याच्या बेतास आला, तेव्हा दोराबजींनी आपल्या खाजगी मालमत्तेबरोबर हा हिराही इंपीरियल बँकेकडे तारण ठेवला होता. कारखाना तरला, हिरा परत आला. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांनी मेहेरबाईंना ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गाठले, आणि 18 जून 1931 रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे देहावसान झाले. जगातील उत्तमोत्तम वैद्यांचा सल्ला ज्या घराला विकत घेता येत होता, त्या घरालाही या रोगापुढे काही इलाज सापडला नाही. कारण त्या काळी इलाजच अस्तित्वात नव्हता.

दोराबजींनी शोकाला जी वाट दिली, ती विचारपूर्वक दिलेली होती. 1932 च्या वसंतात त्यांनी पत्नीच्या नावे एक न्यास स्थापन केला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, देशाची वा वंशाची कोणतीही अट न घालता, जगभरच्या शास्त्रज्ञांना खुला ठेवला. त्याच वर्षी आपली जवळजवळ सर्व स्थावरजंगम मालमत्ता त्यांनी दुसऱ्या एका विश्वस्तनिधीच्या हवाली केली. त्यानंतर ते विलायतेस निघाले. पत्नीच्या प्रथम वर्षश्राद्धाच्या सुमारास तिच्या समाधीचे दर्शन घ्यावे, हा हेतू होता. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे 3 जून 1932 रोजी त्यांचाही अंत झाला आणि इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांना पत्नीशेजारी चिरविश्रांती मिळाली. ज्युबिली हिरा यथावकाश विकला गेला व त्याचे द्रव्य विश्वस्तनिधीत जमा झाले. या दांपत्यास अपत्य नव्हते. ज्या निधीतून पुढे हजारो मुलांचे प्राण वाचावयाचे होते, त्याचे दाते स्वतः निपुत्रिक होते, ही गोष्ट या इतिहासात नमूद करून ठेवण्याजोगी आहे.

विश्वस्तांनी मुंबईत केवळ कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय काढण्याचा मनसुबा केला. जागा ठरली ती परळची. गिरण्यांच्या भोंग्यांवर जागणारी, कामकरी वस्तीची ही जागा त्या वेळी वैद्यकविद्येचे एक ठाणेच बनत चालली होती : जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन संस्था नांदत होती, 1926 साली के. ई. एम. रुग्णालय उघडले होते, आणि 1929 साली केवळ बालकांसाठी वाहिलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालयही शेजारीच उभे राहिले होते. 28 फेब्रुवारी 1941 रोजी, महायुद्ध पेटलेले असताना, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते सात मजली टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले. कर्करोग म्हणजे दैवाचा कोप, तो झाल्याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळू नये, अशी भावना ज्या समाजात घरोघर होती, त्या समाजात त्या रोगाचे नाव घेऊन भर रस्त्यावर सात मजली इमारत उभी करणे, हे केवळ द्रव्याचे काम नव्हते.

या ठिकाणी मुलांच्या कथेचा एक धागा परळातच, आणि तोही मेहेरबाईंच्या निधनाच्याच वर्षात, सापडतो, तो सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ल्यूसी विल्स नावाच्या एक इंग्रज विदुषी त्या सुमारास हाफकिन संस्थेत काम करीत होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होई आणि त्यात पुष्कळजणी दगावत. विल्सबाईंनी या बायकांच्या खोल्यांपर्यंत जाऊन, त्या काय खातात, काय खाऊ शकत नाहीत, याचा तपास केला आणि यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, असे सिद्ध केले. त्यांचा निबंध 1931 साली प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. मूळचे आंध्रातील भीमावरमचे, अमेरिकेत औषधनिर्मितीच्या संशोधनात आयुष्य घालविलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालील शास्त्रज्ञांनी हे आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले, आणि त्याला विरोध करणारी द्रव्येही बनविली. रक्तपेशींच्या वाढीला जे द्रव्य लागते, तेच तोडले तर बेबंद वाढणाऱ्या पेशी उपाशी मरतील, या तर्काने बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या बालकांवर त्यांतील एकाचा प्रयोग केला. जून 1948 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार सोळा मुलांपैकी दहांना काही काळ उतार पडला होता. हा उतार टिकला नाही. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटू शकतो, हे जगाने प्रथमच पाहिले. परळच्या गिरणीकामगार स्त्रियांच्या उपासमारीतून निघालेले ज्ञान असे सातासमुद्रांपलीकडे जाऊन आले. आणि त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध आज त्याच परळात, त्याच थरातल्या मुलांच्या शिरांतून दिले जाते.

रुग्णालयाच्या पहिल्या दोन तपांत मुलांसाठी फारसे काही करता येण्याजोगे नव्हते. डोळ्यात किंवा मूत्रपिंडात गाठ घेऊन आलेल्या मुलावर शस्त्रक्रिया होई, क्षकिरणांचा मारा होई, आणि त्यातली काही वाचत. रक्ताच्या कर्करोगाचे मूल मात्र आईबापांच्या डोळ्यांदेखत काही आठवड्यांत मावळत असे. असे असता त्या काळात जी पायाभरणी झाली, ती कमी मोलाची नव्हे. मूळचे गोमंतकातील केप्याचे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे प्रारंभापासून रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. रोगाचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित झाल्यावाचून उपचारास हात घालावयाचा नाही, ही शिस्त त्यांनी या वास्तूत रुजविली, आणि 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या, पूर्वाश्रमीच्या समर्थ. देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी येथे उभारली, आणि ल्युकेमियासह अनेक कर्करोगांच्या कारणांचा शोध घेण्यात आयुष्य घातले. निवृत्तीनंतर विश्रांती घेण्याऐवजी नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करण्यासाठी त्या डोंगरदऱ्यांतून हिंडल्या. प्रयोगशाळेतल्या विद्वत्तेचे आणि रानातल्या उपाशी मुलाचे नाते त्यांनी ओळखले होते. त्यांच्या चरित्रातील हा उत्तरार्ध मला त्यांच्या शोधनिबंधांइतकाच थोर वाटतो.

1957 साली रुग्णालयाचा कारभार भारत सरकारच्या आरोग्यखात्याकडे गेला आणि 1962 साली तो अणुऊर्जाखात्याकडे सुपूर्त झाला. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जेच्या खात्यात का, असा प्रश्न अनेकांना पडतो. किरणोपचाराची विद्या आणि साधने ज्या खात्यापाशी होती, त्याने हे काम पत्करावे, यात औचित्य होते. शिवाय त्या खात्याची धुरा ज्यांच्या खांद्यावर होती, ते डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे होते. आत्याच्या स्मारकाची जबाबदारी अशा रीतीने भाच्याकडे आली. 1966 च्या जानेवारीत डॉ. भाभांचे विमान अपघातात निधन झाले, आणि त्याच वर्षी रुग्णालय व संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. खाजगी दानातून जन्मलेली संस्था सरकारी झाली, की तिच्यातला ओलावा आटतो, असे पुष्कळदा म्हटले जाते. येथे तसे घडले नाही. उलट, ज्याच्या गाठीस पैसा नाही त्याच्यासाठी तिचे दार सरकारी तिजोरीच्या बळावर अधिक रुंद झाले, असाच निर्वाळा द्यावा लागेल.

मुलांच्या दृष्टीने खरी पालटणी झाली ती 1980 नंतर. डॉ. सुरेश अडवाणी हे फाळणीनंतर कराचीहून आलेल्या निर्वासित कुटुंबातले. आठव्या वर्षी पोलिओने त्यांचे पाय गेले, आणि वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळवितानाही त्यांना त्या अपंगत्वापायी झगडावे लागले. अमेरिकेतील सिएटल येथे अस्थिमज्जारोपणाची विद्या शिकून आल्यावर, मार्च 1983 मध्ये, याच रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी केलेले रोपण हे देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण म्हणून ओळखले जाते. चाकाच्या खुर्चीवरून रुग्णांच्या खाटांमधून फिरणारा हा वैद्य अंथरुणाला खिळलेल्या मुलांना औषधाआधीच काय देऊन जात असेल, याची कल्पना कोणासही करता येईल. परंतु रोपण हा मूठभरांचा उपाय होता. हजारोंसाठी दुसरे काही हवे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने 1984 पासून ल्युकेमियाच्या मुलांसाठी एक ठरीव उपचारक्रम लागू करण्यात आला. 'एमसीपी 841' या रुक्ष नावाने तो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. त्याचे मर्म असे की, विलायती उपचारपद्धतीची हुबेहूब नक्कल न करता, येथील रुग्णालयांना पेलतील, येथील कुपोषित देहांना सोसतील आणि येथील खिशांना झेपतील अशी औषधे, अशा मात्रेने व अशा क्रमाने त्यात योजलेली होती. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून निघणारे व्हिन्क्रिस्टीन त्यात होते, आणि वर सांगितलेले मेथोट्रेक्सेटही होते. मुंबईखेरीज मद्रास व दिल्ली येथील संस्थांनीही हाच क्रम स्वीकारला. त्याआधी रक्ताच्या कर्करोगाच्या पाच मुलांमागे जेमतेम एक वाचत असे. या क्रमानंतर निम्म्याच्या आसपास मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहू लागली. प्रगत देशांत आज शेकडा ऐंशीहून अधिक मुले बरी होतात, तेव्हा पुढचा पल्ला मोठा आहे, हे उघड आहे. पण एकातून अडीच होणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरचे मूल त्या वाढीव दीडात होते, त्यालाच विचारावे.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळतो. ल्युकेमियाचा उपचार एकदा इंजेक्शन देऊन संपत नाही. तो दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिन्यांत मुलाचे रक्त तपासून त्यातील पेशींचे 'काउंट' पाहावे लागतात, औषधाने ते काउंट खाली गेले की साधा तापही प्राणावर बेततो, अर्ध्या रात्री रुग्णालय गाठावे लागते, रक्त वा प्लेटलेट चढवाव्या लागतात. म्हणजे मुलाने खाटेवर राहिलेच पाहिजे असे नाही. पण रुग्णालयाजवळ, स्वच्छ जागी, उकळलेले पाणी व ताजे अन्न मिळेल अशा ठिकाणी राहिलेच पाहिजे. आता बिहारमधील एखादा शेतमजूर, किंवा आपल्याच मेळघाटातला एखादा बाप, मुलाला पाठीवर घेऊन मुंबईत उतरला, तर त्याने कोठे राहावे? औषधाची तजवीज संस्थेच्या समाजसेवा विभागाने केली, तरी दोन वर्षांच्या भाड्याची कोणी करावी? गावी दुसरी पोरे आहेत, जनावरे आहेत, सावकाराचे कर्ज आहे. असा बाप महिना-दोन महिने पदपथावर काढी, मुलाला थोडी तरतरी आलेली पाही, आणि मूल बरे झाले असे मनाशी ठरवून, किंवा ठरविल्याचे नाटक करून, गावची गाडी धरी. काही महिन्यांनी रोग उलटे, आणि या खेपेस तो ऐकत नसे. वैद्यकीय दप्तरात अशा मुलापुढे 'उपचार सोडला' एवढीच नोंद होई. 2009 च्या सुमारासही पाचांपैकी जवळजवळ एका मुलाच्या बाबतीत असे घडत होते. औषध हाती असताना, वैद्य तयार असताना, डोक्यावर छप्पर नाही म्हणून मूल दगावणे, याहून लाजिरवाणी गोष्ट एखाद्या श्रीमंत शहराला दुसरी कोणती असू शकेल?

या लाजेवर ज्यांनी उपाय केला, ते वैद्य नव्हते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर या सेवेचे मूळ संत गाडगेबाबांपाशी जाते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या निरक्षर पुरुषाने, रुग्णालयात मूल दाखल करून बाहेर रस्त्यावर बसणारे आईबापही यात्रेकरूच आहेत, हे ओळखले आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या जवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी केली. बाबांच्या पश्चात त्यांच्या नावे चालणाऱ्या मिशनने दादरला जी धर्मशाळा काढली, ती आज मुख्यत्वे टाटा रुग्णालयाच्या रोग्यांची आहे. नाममात्र शुल्कात तेथे निवारा मिळतो, अन्न मिळते, आणि त्याहून मोलाचे म्हणजे, तोंडावर फडके बांधलेल्या, केस गळालेल्या मुलाकडे कोणी टक लावून पाहत नाही. समाजसेवक नाना पालकर यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ 1968 साली स्थापन झालेल्या समितीने परळमध्येच रुग्णसेवा सदन चालविले आहे. 2006 साली श्यामा व निहाल कविरत्ने या दांपत्याने सेंट ज्यूड या नावाने केवळ कर्करोगग्रस्त मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी विनामूल्य निवासाची योजना सुरू केली. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा, स्वयंपाकाची सोय, मुलांना शिकविण्याची व्यवस्था, रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी वाहन, अशी तिची रचना आहे. परप्रांतातली आई तेथे आपल्या हातची भाकरी किंवा आपल्या पद्धतीचा भात मुलाला रांधून घालू शकते. ज्या मुलाला औषधाने अन्नाची शिसारी आलेली असते, त्याच्या बाबतीत ही गोष्ट केवळ मायेची राहत नाही, ती उपचाराचाच भाग होते.

रुग्णालयाच्या आतही या प्रश्नाला भिडणारे लोक निघाले. बालकर्करोग विभागाच्या डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने 2010 साली 'इम्पॅक्ट' या नावाने एक यंत्रणा उभी राहिली. औषधांसाठी द्रव्य, निवाऱ्याची तरतूद, सकस आहार, रक्तदात्यांची जुळवाजुळव, मुलांचे शिक्षण आणि आईबापांचे समुपदेशन ही सर्व कामे तिने एका हाती घेतली. प्रत्येक नव्या कुटुंबाशी पहिल्याच दिवशी बसून बोलावयाचे. रोग कोणता, उपचार किती दिवसांचा, खर्च किती आणि तो कोण भरणार, हे त्यांच्या भाषेत सांगावयाचे. आणि ठरल्या तारखेला मूल आले नाही, तर गावी दूरध्वनी करून, चौकशी करून, गरज पडल्यास गाडीभाडे पाठवून त्याला परत आणावयाचे, असा हा परिपाठ आहे. काही वर्षांतच उपचार सोडून जाणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आले. नवे औषध शोधले गेले नव्हते. तरीही या एवढ्या व्यवस्थेने जितकी मुले वाचली, तितकी एखाद्या नव्या औषधाने क्वचितच वाचतात.

बरे झालेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न विचारण्याची वेळ येणे हीच प्रगतीची खूण होय. 1991 साली रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी सुरू झाली. लहानपणी घेतलेल्या औषधांचा हृदयावर, वाढीवर, पुढे अपत्यप्राप्तीवर काय परिणाम होतो, हे तेथे वर्षानुवर्षे पाहिले जाते. शाळेत परत घेताना मुख्याध्यापक काचकूच करतात, लग्न जुळविताना जुना आजार सांगावा की लपवावा असा पेच पडतो, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत अडचण येते, या गोष्टींचाही तेथे विचार होतो. या मोठ्या झालेल्या मुलांनीच 2009 साली 'उगम' नावाचा आपला गट बांधला, आणि 1951 साली डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनी स्थापन केलेल्या भारतीय कर्करोग संस्थेने त्यास आश्रय दिला. या गटातील तरुण-तरुणी वॉर्डात येऊन नव्या रोग्यांच्या आईबापांशेजारी बसतात. वैद्याने शंभरदा सांगितलेली आशा जिला खरी वाटली नव्हती, त्या आईला, वीस वर्षांपूर्वी याच खाटेवर असलेला धडधाकट माणूस पाहून ती एका क्षणात खरी वाटते.

प्रस्तुत समारंभाच्या स्वरूपाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण गायनवादन, भोजन आणि सत्कार यांच्या मिषाने द्रव्य गोळा करणे कितपत योग्य, अशी शंका काही सज्जनांच्या मनात असते. ही पद्धत आपल्याकडे परकी नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नटश्रेष्ठ टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमाना'च्या एकाच प्रयोगात रंगभूमीवर उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी दिलेल्या चढ्या दरांमागे रसिकता होती तशी देशभक्तीही होती. आजारी मुलांच्याच बाबतीत पाहावयाचे, तर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालय 1852 साली अवघ्या दहा खाटांनिशी उघडले; ते द्रव्याअभावी अडचणीत सापडले असता 9 फेब्रुवारी 1858 रोजी भरलेल्या मेजवानीत चार्ल्स डिकन्सने असे भाषण केले की, त्या रात्री तीन हजार पौंडांवर रक्कम जमली, शेजारचे घर विकत घेता आले आणि खाटा दुपटीहून अधिक झाल्या. एका संध्याकाळच्या रंजनातून वर्षानुवर्षांची सोय होत असेल, तर त्या रंजनाला कमी लेखण्याचे कारण नाही. अट एवढीच की, मिळालेल्या पैचा हिशोब चोख असावा, आणि त्यातला मोठा वाटा मंडपावर खर्च होऊ नये.

सत्कार कोणाचा करावा, याविषयीही माझे स्पष्ट मत आहे. नामवंत वैद्यांचा आणि मोठ्या देणगीदारांचा गौरव झालाच पाहिजे. त्यांच्यावाचून काहीच उभे राहिले नसते. परंतु रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलाला घेऊन वाहन हाकणारा चालक, सापडत नसलेली शीर तिसऱ्या प्रयत्नात हळुवार हाताने शोधून देणारी परिचारिका, शेकडो माणसांचा स्वयंपाक पहाटे चारला चढविणारा धर्मशाळेतला आचारी, वॉर्डातल्या कोपऱ्यात सलाईनच्या खांबाला बांधलेल्या मुलांना पाढे शिकविणारी शिक्षिका, केस पेपर वाचता न येणाऱ्या बापाला खिडकीपासून खिडकीपर्यंत नेणारा स्वयंसेवक, या सर्वांची नावे त्याच व्यासपीठावरून, त्याच आदराने आणि त्याच यादीत घेतली गेली पाहिजेत. त्यांची नावे मी येथे देऊ शकत नाही, कारण ती कोणत्याही जुन्या अहवालात छापलेली नाहीत. यापुढच्या अहवालांत ती छापली जावीत, अशी सूचना मी व्यवस्थापकांपुढे अदबीने ठेवतो.

आपल्या देशात दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक मुलांना कर्करोग होतो, असा जाणत्यांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळ मुले निदानापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून वाचकांस दोन विनंत्या करतो. घरात, शेजारात किंवा शाळेत एखादे मूल आठवडेच्या आठवडे तापाने खंगत असेल, पांढुरके पडत असेल, त्याच्या अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, मान-काखेत गाठी दिसत असतील, अथवा तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर दृष्ट काढण्यात वेळ न दवडता त्याला तज्ज्ञ वैद्याकडे न्यावे. लवकर आलेले मूल बहुधा वाचते. दुसरी विनंती रक्ताविषयी आहे. उपचार घेणाऱ्या मुलांना प्लेटलेटची गरज वारंवार पडते, आणि त्या पाच दिवसांपलीकडे साठवून ठेवता येत नाहीत. सबब दाता आज हवा असतो, उद्याही हवा असतो आणि सणासुदीच्या सुटीतही हवा असतो. ज्यांची प्रकृती निरोगी आहे, त्यांनी जवळच्या रक्तपेढीत आपले नाव, रक्तगट व पत्ता आजच नोंदवून ठेवावा, आणि बोलावणे आले की जावे.